खरवड

टेका नाक्याहून मोठ्याचं आणलं, सकाळीच,
दोन पिशव्यांत बांधून, वरून मेथीची जुडी.
मनीषनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
मेथी दिसली की पुरतं.

सुगतचा निरोप फोनवर तीनदा ऐकला.
जहाजावर स्वयंपाकी आहे तो,
मागे कसलंसं इंजिन घरघरत असतं:
"ताई, तवा धुवू नको.
मांस काढ, झाकून ठेव, दम घेऊ दे त्याला.
तळाला जे चिकटलं असेल नं, तपकिरी,
त्याच्यावरच सगळं उभं आहे."

आई त्याला खरवड म्हणायची.
सगळे जेवून उठले
की भाकरीच्या तुकड्यानं पातेलं पुसायची,
आणि तेच तिचं जेवण, हे आम्हाला
फार उशिरा कळलं.

लोणी. बारीक कांदा.
"लाल नको करू, नुसता घाम येऊ दे."
मशरूम बर्डीवरची, प्लास्टिकच्या डबीत,
पांढरी, एका मापाची,
प्रार्थनेला उभी केल्यासारखी.
हुंगून पाहिली. वास म्हणावा तर नाहीच.

आम्हाला सात्या माहीत.
वारुळाभोवती एका रात्रीतून वर आलेल्या,
देठाला माती, मातीला मुंग्या.
पवनीचा मामा जागा कुणाला सांगत नसे,
मामीलाही नाही.
गेला, तेव्हा ती जागाही गेली.

डबीतली अर्धी टाकली.
आधी पाणी सोडतात,
मग आपलंच पाणी आपण पिऊन
गप्प होतात.

खिडकी लावलेली. पंखा बंद.
करारात तसं काहीच लिहिलेलं नाही.
घरमालक एवढंच म्हणाला होता,
"तुम्ही लोक तसे साधेच नं?"
मी मान हलवली होती.
उभी की आडवी,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वाटीभर मांसाचं पाणी ओतलं, तळ सुटला.
मिरे भरडून. आच अगदी बारीक.
मग क्रीम, धार धरून,
आणि पांढऱ्यात खालचा रंग चढत गेला,
बदामी, मग त्याहून थोडा खोल.

बेल वाजली.
देशकर काकू. हातात आमचीच वाटी,
परवाच्या भाजीची, घासून पुसून.
"काय करून राहिलीस गं?
जिन्यापर्यंत वास आला, काय सुंदर!"
"मशरूमचा सॉस."
"मग दे की यातच थोडा. पोळीशी खाऊ."

खोटं फारसं बोलावं लागलं नसतं.
मशरूम, मलई, मिरे, सगळं खरंच होतं.
फक्त तळ सांगायचा नव्हता.

"पंधरा मिनिटं बसा, काकू."
दुधाचं पातेलं काढलं.
पुन्हा लोणी, पुन्हा कांदा, उरलेली अर्धी डबी.
पाण्याच्या जागी पाणीच.
काकूंनी झाकलेल्या ताटलीकडे पाहिलं,
तव्याकडे पाहिलं,
लावलेल्या खिडकीकडे पाहिलं.
मग मेथीची जुडी ओढली
आणि निवडायला बसल्या.

चमच्यावरचं फुंकून चाखलं.
"छान आहे.
पण जिन्यात आला तो वास हा नव्हे."
"नाही," मी म्हणाले. "तो तव्याचा होता."

दोन काड्या आणखी निवडल्या त्यांनी.
"जुना दिसतो तवा."
"आईचा."
"हं."
वाटीवर झाकण घेऊन खाली गेल्या,
जिन्यात एकदा थांबल्याचं ऐकू आलं, मग दार.

मांसाचे काप पाडले, आडव्या धाग्यांवर,
वर सॉस. हात किंचित थरथरत होता,
म्हणून ताटाच्या कडेला सांडला.
सुगतला कळवलं: जमला. दोनदा केला.
लगेच उत्तर: दोनदा कशाला?

डावा अंगठा फोनवर तसाच राहिला.
उजव्या हातात भाकरी होती,
आणि तव्यात अजून
पुसण्याजोगं बरंच होतं.